उतरायचं न्हाई

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षी मी जहाजातून सात दिवसांची सहल केली. पाथरीत हे सांगितलं की अजूनही लोक खुर्ची ओढून जवळ बसतात. काय काय बघितलं, असं विचारतात. मी विषय बदलते. आज बदलणार नाही.

आमच्या ह्यांचं पाथरीला खता-बियाणांचं दुकान. फवारणीच्या औषधांच्या एका कंपनीनं त्या वर्षी जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना जोडीनं सहलीला न्यायचं ठरवलं. सिंगापूरहून निघायचं, वाटेतली बंदरं आणि बेटं बघायची, सातव्या दिवशी परत सिंगापूर. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा भाग, हे वाक्य मी अकरा वर्षं फळ्यावर लिहीत होते, आणि तोवर येलदरीच्या धरणापलीकडं मोठं पाणी बघितलेलं नव्हतं. मला एकदा बेटावर उभं राहायचं होतं. तासभर. बाकी काही नको होतं. सिंगापूरही बेटच, पण तिथं विमानतळावरून थेट धक्क्यावर नेलं, वाळूला पाय लागला नाही.

जहाज कसलं, गावच होतं ते. आत जिना, जिन्यावर गालिचा, पोहायचा हौद, गाण्याचा हॉल, दिवसातून पाच वेळा जेवण. कंपनीच्या माणसानं आम्हाला वरच्या मजल्यावर नेलं. तिथं समुद्राकडे तोंड करून लाकडी आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या. ह्यांनी काय करावं? खिशातून दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढली आणि एसटीत धरतात तशी दोन खुर्च्यांवर पसरून जागा धरली. हे बघून आमच्याकडच्या बाकीच्या दुकानदारांनीही भराभर दस्त्या टाकल्या. संध्याकाळी जहाजावरच्या नोकरांनी त्या सगळ्या उचलल्या, धुतल्या, इस्त्री करून खोल्यांत आणून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच इस्त्रीच्या दस्त्या परत खुर्च्यांवर. मला हसू आलं होतं. पुढं काय वाढून ठेवलंय ते तेव्हा माहीत नव्हतं.

पहिलं बंदर आलं पेनांग. जहाज धक्क्याला लागलं. खाली पिवळ्या-लाल घरांची रांग, टोप्या घातलेल्या बायका, सायकलरिक्षा. उतरताना दाखवायची कार्डं प्रत्येकाला दिलेली होती, आमची दोन्ही ह्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात. मी नवी साडी नेसून, पर्स घेऊन तयार. हे खुर्चीत.

"अहो, सगळे उतरायलेत."

"उतरू दे. आपल्याला उतरायचं न्हाई."

"का?"

"आन् निघून गेलं म्हंजे?"

मी म्हटलं, भोंग्यातून सांगितलंय, पाच वाजेपर्यंत जहाज इथंच आहे. त्यावर हे म्हणाले, "कंडक्टरबी म्हणला व्हता, धा मिन्टं हायती."

हे ऐकलं आणि मी कपाळावर हात मारला. आमचं लग्न होऊन आठवडा झाला होता तेव्हाची ती गोष्ट. औरंगाबादला निघालो होतो. देवगाव फाट्यावर एसटी थांबली, हे चहाला उतरले, आणि गाडी मला आणि ट्रंकेला घेऊन निघून गेली. नव्या नवरीनं भरल्या गाडीत ओरडायचं तरी काय? नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नाही. मी मंठ्याच्या स्टँडवर ट्रंकेवर बसून राहिले. दोन तासांनी हे उसाच्या ट्रकमधून आले, घामाघूम, आणि चारचौघांत डोळे पुसायला लागले. त्या दिवसापासून हा माणूस वाटेत कधी गाडीतून उतरला नाही. परभणी ते मुंबई तहानेनं जीव गेला तरी बाटली भरायला फलाटावर उतरणार नाही. मला तेव्हा त्याचं कौतुकही वाटायचं. पण जहाजावर? सातशे माणसांच्या जहाजावर?

पेनांग मी कठड्याला टेकून बघितलं. पालमच्या एका दुकानदाराची बायको संध्याकाळी चटईची टोपी घालून, अननस खात परत आली. "वैनी, तुमी काऊन न्हाई आल्या?" म्हणाली. मी म्हटलं, डोकं दुखायलंय. ते खरोखर दुखत होतं.

लंगकावीला तेच. मी समजावलं, चिडले, जेवले नाही. ह्यांनी घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यासमोर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "आपले पासपोर्ट जहाजवाल्यांपाशी, सामान आत, आन् आपण रस्त्यावर. बोली येत न्हाई. कुणाला पुसणार?" मी म्हटलं, सगळे कुणाला पुसतात? कार्डं मागून घ्यायला काय झालं होतं मला? पण चारचौघांत नवऱ्याशी भांडायचं नाही, एकटीनं जायचं नाही, हे अंगात इतकं भिनलेलं की हात पुढं होईना. शाळेत साठ पोरांना एका नजरेत गप करणारी बाई मी. तिथं दोन दिवस हात चोळत बसले. खालून येणाऱ्या बायकांच्या हातांत शंख, पायांना वाळू. त्या वाळूकडं बघून माझी तळपायाची आग मस्तकाला जात होती.

शेवटचं थांबणं फुकेतचं. तिथं जहाज धक्क्याला लागलं नाही, खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहिलं. लहान होड्यांतून लोकांना किनाऱ्यावर नेत होते. समोर हिरवा डोंगर, खाली पांढरी पट्टी. मी खोलीत आले. हे पलंगावर बसले होते.

"माझं कार्ड द्या."

"एकटी जातीस?"

"पालमच्या वैनी हायत."

मला वाटलं आता रामायण होणार.  पण ह्यांनी बंडीत हात घालून एक कार्ड काढलं. "जा," म्हणाले. "म्या कठड्याला हुभा ऱ्हातो. हलायलं असं वाटलं तर कॅप्टनला सांगतो, आमचं मानूस खाली हाय म्हणून."

मी चटकन निघाले, नाहीतर मन बदललं असतं, त्यांचं किंवा माझं. होडी उड्या मारत किनाऱ्याला लागली. मी चपला हातात घेतल्या आणि उतरले. पाणी कोमट होतं. वाळू इतकी बारीक की पाय आत जात होता. पालमच्या वैनी पुढं पळाल्या, शंख वेचायला लागल्या. मी साडी वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. इतक्या दिवसांचं, खरं तर अकरा वर्षांचं मागणं पूर्ण झालं होतं.

आणि मी मागं वळून जहाजाकडं बघितलं.

ते फिरलं होतं. येताना त्याची एक बाजू माझ्याकडं होती, आता दुसरीच होती. कठडा दिसत होता, पण त्यावर हे नव्हते. नांगरलेलं जहाज पाण्याच्या ओढीनं फिरतं हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की ते हललं. मी धावले. वैनी मागून ओरडत होत्या, "अवो, पाच वाजेस्तोर टाइम हाय, हितं या!" मी परत जाणाऱ्या होडीत चढले. होडीवाल्यानं मनगटावरचं घड्याळ दाखवून बोटांनी तीन तास मोजून दाखवले. मी नुसतंच जहाजाकडं बोट दाखवलं. किनाऱ्यावर मी किती वेळ होते? पाच मिनिटं. फार तर सात.

वर आले तेव्हा हे त्याच कठड्याशी होते; जहाज फिरल्यामुळं तो आता पलीकडच्या बाजूला गेला होता. घामानं सदरा भिजलेला.

"आलीस व्हय? कसं हाय बेट?"

सांगायला हवं होतं. पाणी कोमट आहे, वाळू बारीक आहे, चला, दोघं जाऊ, अजून तीन तास आहेत. हे आले असते. त्या दिवशी मी धीर दिला असता तर नक्की आले असते, त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं.

"काय न्हाई," मी म्हटलं. "नुसती वाळू."

"म्या म्हणलं नव्हतं?" हे एकदम सुटल्यासारखे हसले, आणि माझ्यासाठी खुर्ची जवळ ओढली. पाच वाजेपर्यंत आम्ही शेजारीशेजारी बसून ते बेट बघत होतो. ह्यांच्यावर रागवायची मला आता सोय उरली नव्हती.