मास्तरांचं गुळगुळीत कपाळ

माझा डावा डोळा आपोआप मिटायला लागला तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो आणि आचऱ्याजवळच्या हायस्कुलात गणित शिकवत होतो. आधी पापणी नुसती फडफडायची. मग गालही वर ओढला जाऊ लागला, आणि माझ्यासारखा सरळमार्गी माणूस भर रस्त्यात बायकांना डोळा मारतोय असं दिसू लागलं.

सगळ्यात आधी मासळीबाजारात बोभाटा झाला. मी सुरमईचा भाव विचारला आणि नेमका डोळा मिटला. कोळीण सुरी खाली ठेवून म्हणाली, "मास्तरानू, सुरमई घेवची तर घेवा. डोळो कित्याक मारतास?" आजूबाजूच्या चार जणी खो खो हसल्या. मी बांगडे घेऊन घरी आलो. आठवडाभर बाजारात बायको गेली.

गावातल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. बायकोने देवळात गाऱ्हाणं घातलं. शेवटी गोव्यातल्या एका मेंदूच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला आणि निदान केलं. एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला घासत होती. धोका काही नव्हता. डोळ्याभोवती स्नायू सैल करणारं इंजेक्शन घ्यायचं, त्याचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यायचं.

"म्हणजे नट्या घेतत ता?" बायकोने विचारलं.

"तेच," डॉक्टर म्हणाले. "सुरकुत्या घालवायला घेतात तेच औषध."

डोळ्याभोवती बारीक सुईने पाच-सहा ठिकाणी टोचलं. पाचव्या दिवशी दाढी करताना लक्षात आलं, डोळा शांत होता. त्या दिवशी मी स्वतः बाजारात गेलो आणि गरज नसताना तीन कोळणींकडे भाव विचारून आलो.

इथवर सगळं ठीक होतं. पण "नट्या घेतात तेच" हे शब्द माझ्या डोक्यात बसले. आरशात पाहावं तर डोळ्याजवळची कातडी नितळ आणि वर कपाळावर नांगरलेलं शेत. त्यात पुतण्याचं लग्न जवळ आलं होतं. दुसऱ्या खेपेला मी गोव्याला एकटाच गेलो आणि डॉक्टरांना शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "सुई हातात आहेच, तर कपाळावरही थोडं..."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या पापण्या आधीच जड आहेत. कपाळाचे स्नायू त्यांना वर धरून ठेवतात. ते सैल केले तर भुवया खाली येतील."

तेवीस वर्षं मी पोरांना 'आधी उदाहरण नीट वाचा' असं बजावत आलो. स्वतःची पाळी आली तेव्हा म्हणालो, "थोडंच द्या हो."

आठवड्याभरात कपाळ इस्त्री केल्यासारखं झालं. भुवया मात्र डोळ्यांवर येऊन बसल्या. लग्नात मी पहिल्या रांगेत टक्क जागा होतो, तरी माझी आत्या दोनदा म्हणाली, "अरे, झोप इली तर मागे जावन पड." शाळेत आणखी पंचाईत. माझा सगळा दरारा कपाळावरच्या आठीत होता. नववीच्या वर्गात गोंधळ झाला, मी पूर्ण ताकदीने आठी घातली, म्हणजे घातली असं मला वाटलं. गोंधळ तसाच चालू राहिला. पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच विचारलं, "सर, बरं वाटत नाही का?"

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. आणि मग एका रविवारी पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, मध्ये एकदा दिवस राहून वाईट झालं होतं. ती म्हणाली, "बाबा, तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे." बायको रडायलाच लागली. आतून मी नाचत होतो. पडद्याच्या कोपऱ्यात मला माझा चेहरा दिसत होता, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा, कंटाळलेल्या कारकुनासारखा.

तिचं हसू मावळलं. "बाबा, आधी सांगितलं नाही म्हणून रागावलात?"

"नाही गं, नाही! मी... मी कपाळाला इंजेक्शन घेतलंय."

मग बायको डोळे पुसत म्हणाली, "माका वाटला, तुमका पक्षाघात झालो. पंधरा दीस मी देवाक हात जोडतंय!" आणि ती हसत सुटली, ती इतकी की तिला खाली बसावं लागलं. पलीकडे मुलगीही हसत होती. मीही हसलो, निदान खालच्या अर्ध्या चेहऱ्याने.

तिसऱ्या खेपेला दवाखान्यात माझ्या शेजारी बांद्याची एक ख्रिस्ती बाई बसली होती, साठीची असेल. तिची मान उजवीकडे पिळली जायची, त्यासाठी तिला तेच औषध मानेत देत. हे तिचं चौथं इंजेक्शन होतं.

"चर्चात मिसाक बसलंय तरी पाद्री दिसायचो नाय," ती म्हणाली. "तीन वर्सां शेजारीणच बघलंय. तुमका काय झाला?"

मी डोळ्याचं सांगितलं. मग, का कोण जाणे, कपाळाचंही सांगून टाकलं. आता ही नावं ठेवणार अशी तयारी ठेवली होती. ती माझं अजून बरंचसं गुळगुळीत कपाळ निरखत म्हणाली, "बरा दिसता, पण."

तेवढ्यात माझा नंबर आला. "कपाळ?" डॉक्टरांनी विचारलं. मी लगेच नाही म्हटलं नाही, हे कबूल करतो. बाईचं 'बरा दिसता' कानात होतं. मग म्हणालो, "नको. फक्त डोळा."

परतताना आम्ही एकाच एसटीत होतो. तिने तिच्या शेजारणीबद्दल इतकं सांगितलं की मला ती बाई रस्त्यात ओळखता आली असती. बांद्याला ती उतरली, चार पावलं चालली, आणि मग मागे वळून, चक्क डावीकडे मान फिरवून, तिने मला हात केला.