नितेशभावजींचं शिफारसपत्र

रामनवमीसाठी वाती वळत होते. पन्नासेक झाल्या असतील, तेवढ्यात नितेशभावजी दारात. म्हणाले, "वहिनी, अनिरुद्धदादांकडे जातोय, तुम्ही पण चला ना. एकट्याला धीर होत नाही." कापूस परातीत तसाच टाकून उठले.

भावजी माझे धाकटे दीर. विधानसभेत मार्शल आहेत. सभागृहात उभं राहायचं आणि अध्यक्षांनी सांगितलं की गोंधळ घालणाऱ्या आमदाराला बाहेर न्यायचं, हे त्यांचं काम. घरात मात्र दाराची कडीसुद्धा वाजू न देता लावतात. त्यांची बायको श्वेता सरकारी दवाखान्यात नर्स, तीन वर्षं नंदुरबारला. सहा वर्षांची श्रुतिका माझ्याकडे असते. श्वेताच्या बदलीच्या अर्जासोबत आमदाराचं पत्र असलं की वजन येतं, म्हणून आमच्या मुलुंडचे विरोधी पक्षातले आमदार अनिरुद्धदादा यांनी ते द्यायचं कबूल केलं होतं. अर्ज मी अकरा दिवस देवापुढे ठेवला होता. मंगळवारी मुदत संपतेय.

आणि गेल्या सोमवारी दादा पाण्याच्या प्रश्नावर फलक घेऊन अध्यक्षांच्या आसनापुढे जे बसले ते उठेचनात. अध्यक्षांनी तीनदा समज दिली, मग बाहेर न्यायला सांगितलं. उचलणाऱ्या चौघांत भावजी. डावा पाय त्यांच्या वाट्याला. दादा मोठ्याने घोषणा देत होते आणि मधेच हळू आवाजात, "नितेश, जपून रे, कंबर दुखतेय." भावजींनीच हे सांगितलं. व्हिडिओ अख्ख्या मुलुंडात फिरला.

दादा रविवारी लोकांना भेटतात. कार्यालयाच्या दारातच त्यांचा माणूस किरण. "आले बघा पैलवान! आता काय खुर्चीसकट नेताय?" सगळे हसले. भावजींनी मान खाली घातली.

दादांनी मात्र आत बोलावलं, मला खुर्ची दिली. "राग नाही रे नितेश. तू तुझं काम केलंस. पण आत्ता तुला पत्र दिलं तर सत्तेतले म्हणतील, आपलं आधीच ठरलं होतं, उचलणं नुसतं नाटक."

"दादा, परवा मुदत संपतेय."

"मग असं कर. बाहेर पोरांसमोर माफी माग. किरण शूटिंग करेल. पत्र लगेच टाइप करून देतो."

"माफी मागितली म्हणजे अध्यक्षांचा आदेश चुकीचा होता असं होईल ना? नोकरी जाईल माझी."

"मग मी तरी काय करू, सांग?"

मी मधे बोलले, "दादा, पत्र माझ्या हातात द्या. मी कुणाला दाखवणार नाही."

"वहिनी, ते मंत्रालयात जाणार. तिथे सगळेच वाचतात."

माणूस खोटा नव्हता, ह्याचंच जास्त वाईट वाटलं. खोटा असता तर निदान चार शब्द सुनावून आले असते.

रस्त्यात मी म्हटलं, सत्तेतल्या एखाद्या आमदाराला विचारू या.

"त्यांनी दिलं तर किरण म्हणेल, दादांना उचलल्याचं बक्षीस मिळालं. मग ह्या भागात राहायचं कसं? माका जमाचा नाय, वहिनी." चिडले की भावजी मालवणीत जातात. पण आवाज तेव्हाही चढला नाही.

घरी येऊन त्यांनी श्वेताला फोन लावला. "यंदा नाही होत गं."  मग तिने विचारलं, उद्या पालकसभा आहे, कोण जाणार? अधिवेशन चालू असताना भावजींना रजा नाही.

उद्या सकाळी साडेआठला मलाच श्रुतिकाच्या शाळेत पालकसभेला जायचं आहे.