उदमांजराचं फर्स्ट इम्प्रेशन

जुने ऑफिसवाले भेटले की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला त्याचा आठवतो. तेच किस्से, दर वेळी थोडे लांबलेले. बाकीचे पोट धरून हसतात. मी मात्र अजूनही भांडायला उठते. इतकी वर्षं झाली, पण राग काही जुना होत नाही!

त्या काळात पुण्यात ज्याचा त्याचा मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरपुढे बसत होता. मी कर्वे रोडच्या मागे, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर व्हिडिओ गेम टेस्ट करत होते. परदेशातली कंपनी गेम बनवायची आणि आम्ही चौघं तो खेळून त्यातल्या चुका कळवायचो. आमचा गेम म्हणजे कार्टून. त्यात एक उदमांजर राजवाड्यात शिरतं, सावलीसावलीतून सरकतं, या छपरावरून त्या छपरावर उड्या मारतं आणि हिरे पळवतं. पहारेकऱ्याच्या कंदिलाचा उजेड अंगावर पडला की पकडलं जातं. खेळ खलास.

*

येरवड्याला आमच्या शेजारी एक काकू होत्या. मला रोज सकाळी बसस्टॉपवर पाहायच्या. एकदा विचारलंच त्यांनी, "काय करतेस गं तू?"

"गेम टेस्टिंग."

"ते कळलं. पण नोकरी कुठे करतेस?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. एकच उडी दिवसातून दोनशे वेळा मारून बघावी लागते, डोळे चुरचुरतात, अंगठे सुजतात. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग सोड की. मुलीच्या जातीला एवढ्या उड्या हव्यातच कशाला?"

बस आली म्हणून वाचल्या!

*

एक दिवस क्लायंटची मेल आली. गेम पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या वीस माणसांची मतं हवीत. प्रत्येकानं अर्धा तास खेळायचं आणि जे वाटलं ते प्रामाणिकपणे लिहायचं. फर्स्ट इम्प्रेशन!

आमचे टीम लीडर कौस्तुभ सर. त्यांनी मेल वाचली, आम्हा चौघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चार पंचे वीस."

माझ्या शेजारी बसणारा नचिकेत म्हणाला, "सर, फर्स्ट इम्प्रेशन एकदाच होतं."

"फ्रेश माइंडने येत जा ना रोज!"

मग काय, सोमवार ते शुक्रवार आम्ही रोज तोच गेम पहिल्यांदा पाहिला. मी रोज निमूटपणे आश्चर्यचकित होत होते. शुक्रवारी नचिकेतनं फॉर्ममध्ये लिहिलं, "हा गेम मी आज प्रथमच पाहत आहे. तरीही या उदमांजराला कुठेतरी भेटल्यासारखं वाटतं."

सरांनी तो फॉर्म तसाच पाठवला!

*

माझा फॉर्म मात्र कधी तसा जायचा नाही. मी लिहिलं होतं, "तिसऱ्या छपरावरून उडी मारली की उदमांजर जमिनीतून आरपार खाली जातं आणि परत येत नाही."

सरांनी त्याला इस्त्री मारली. त्यांचं इंग्रजी मराठीत सांगायचं तर असं होतं, "तिसऱ्या छपरानंतर खेळाडूला अनपेक्षित खोलीचा अनुभव येतो."

मी तडक त्यांच्या टेबलाशी गेले. "सर, हा बग आहे! मांजर गायब होतंय!"

"प्रज्ञा, त्यांनी तुझं मत मागितलंय. तक्रार नाही मागितली."

"गायब होतंय हेच माझं मत आहे."

"मग जरा सकारात्मक मत बनव."

चार दिवसांनी क्लायंटचं उत्तर आलं. गेममधल्या खोलीची दखल घेतल्याबद्दल त्यांनी आमचे मनापासून आभार मानले होते. सरांनी ते नोटीस बोर्डावर लावलं. जाता-येता माझ्या डोळ्यांसमोर!

*

ती पाच दिवसांची लबाडी क्लायंटनं ओळखली. सगळे फॉर्म चारच हस्ताक्षरांत होते, दुसरं काय होणार! खरी नवी माणसं आणा म्हणाले. मग सरांनी खाली अकाउंट्समध्ये बसणाऱ्या गोडबोलेकाकांना वर बोलावलं.

काकांनी चष्मा पुसला, सूचना दोनदा वाचल्या, उदमांजराला पहिल्या रांजणामागे नेलं आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून हाताची घडी घातली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पहारेकरी येत होता, जात होता. काका ढिम्म.

पंचविसाव्या मिनिटाला मला राहवेना. "काका, पुढे जा ना!"

"का?"

"अहो, गेम आहे!"

"कुणाच्या नजरेला पडू नका असं लिहिलंय. पडलोय का?"

"नाही, पण..."

"मग झालं तर."

अर्धा तास झाल्यावर ते उठून जेवायला गेले. आमच्यातला एकही जण न पकडला जाता अर्धा तास टिकला नव्हता. क्लायंटनं खास कळवलं, या खेळाडूला गेमचा आत्मा समजला आहे. मी तो गेम दोनशे वेळा खेळले होते. माझ्या आत्म्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही!

*

गेम बाजारात यायला पंधरा दिवस होते. मी हेडफोन घ्यायला बुधवार पेठेत गेले होते. दुकानदाराच्या काउंटरवर सीडींची चळत होती आणि सगळ्यात वर, झेरॉक्स काढलेल्या कव्हरवर, आमचं उदमांजर! आमच्या आधी ते इथे पोहोचलं होतं. माझं डोकंच फिरलं. मी सीडी उचलली.

दुकानदारानं पेपरातून मान वर न करता सांगितलं, "तो नका घेऊ."

"का?"

"तिसऱ्या छपरावर मांजर जमिनीत जातं. परत येत नाही. हल्ली खेळून न बघताच विकायला काढतात."

आता मात्र हद्द झाली! मी म्हटलं, "अहो, मी खेळून बघितलाय! मीच टेस्ट करते तो!"

तेव्हा कुठे त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मग सांगायचं नाही का?"

*

एक किस्सा राहिला. गोडबोलेकाका झाले तरी वीसचा आकडा भरेना, तेव्हा सरांनी हुकूम काढला, शनिवारी प्रत्येकानं घरचं एक माणूस आणायचं. आई मामाकडे गेली होती. मी पप्पांना आणलं.

पप्पा तुरुंगात पहाऱ्यावर होते. तीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून रिटायर झाले. त्या दिवशी पांढरा शर्ट इस्त्री करून, खिशाला पेन लावून आले. खुर्चीत ताठ बसले. मी त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि कुठलं बटण कशाचं ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण एकही बटण दाबलं नाही. नुसते पडद्याकडे बघत राहिले.

पडद्यावर एक ढेरपोट्या पहारेकरी भाल्याला टेकून घोरत होता. नाकातून फुगा यायचा आणि फुटायचा. मागे उभी असलेली मंडळी हसली.

"हा ड्युटीवर आहे?" पप्पांनी विचारलं.

"हो."

"याचा पट्टा कुठंय?"

"पप्पा, तो विनोदी दाखवलाय."

"मी तीस वर्षांत एक डुलकी घेतली असती ना, तर विनोद झाला नसता."

मग दुसऱ्या पहारेकऱ्याकडे बोट करून म्हणाले, "हा दर खेपेला डावीकडूनच वळतो. चोराला पाठ होणार नाही का? कुणी शिकवलं याला?" मागे पुन्हा हशा. माझे कान तापले. पप्पांचा राग आला की हसणाऱ्यांचा, ते मला तेव्हा कळलं नाही.

अखेर पप्पांनी बटण दाबलं. उदमांजर सावलीतून निघालं आणि सरळ चालत जाऊन कंदिलाच्या उजेडात उभं राहिलं. शिट्टी वाजली. पकडलं.

"झालं," पप्पा म्हणाले.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा उजेडात नेलं, यावेळी त्या डावीकडून वळणाऱ्यासमोर. पकडलं. तिसऱ्या खेपेला ते त्या घोरणाऱ्यापाशी गेले. त्याच्या कानाशी उदमांजराला उड्या मारायला लावल्या, एक, दोन, पाच, सात. फुगा फुटला, पहारेकरी दचकून उठला आणि त्यानं उदमांजराची मानगूट धरली.

"उठला! शाब्बास!" पप्पा ओरडले. घरी मी त्यांचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

हसण्याचा नुसता गडगडाट झाला. कौस्तुभ सर पुढे आले. पप्पांच्या खांद्याशी वाकून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "काका, तुमचा थोडा गोंधळ होतोय. पकडले गेलो की आपण हरतो."

पप्पांनी कंट्रोलर टेबलावर नीट सरळ ठेवला आणि सरांकडे पाहिलं.

"आपण म्हणजे कोण?"