झडपेच्या तक्त्यावरची सही

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजा घेऊन मी गोंदियाजवळ फुलचूरला, सासरी आले होते. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे, त्यामुळे घराबाहेर पडायची सोय नव्हती.

माझी नोकरी समुद्रातल्या तेलविहिरींची सुरक्षा तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात. निघण्याआधी मी एका रिगचं काम थांबवलं होतं. विहिरीच्या तोंडावर अवजड झडप असते. खालून गॅस उसळला की ती बंद करायची. ही झडप दाब धरत नव्हती. दुरुस्त करा, पुन्हा चाचणी घ्या, तक्ता पाठवा, मग परवानगी, असा माझा शेरा होता.

अडचण एकच. ती झडप दुरुस्त करणारा मेकॅनिक फुलचूरच्या आमच्या शेजारच्या घरातला. हे मी साहेबांना लेखी कळवलं होतं. "दुसरं कोणी मोकळं नाही, तुम्हीच बघा," असं उत्तर आलं. चाचणी मंजूर होईपर्यंत कंपनी त्याला रिगवरून सोडणार नव्हती. आणि रविवारी इथे त्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

शुक्रवारी सकाळी तक्ता मेलवर आला. गोल कागद, त्यावर दाबाची लाल रेघ. रेघ सुरेख होती. पण कडेला ग्रीसचा अंगठा उमटला होता, आणि तो मी आधी कुठेतरी पाहिला होता. लॅपटॉपवर जुन्या फायली काढल्या. झडप बिघडण्याआधी पास झालेल्या चाचणीच्या तक्त्यावर तोच अंगठा, त्याच जागी. तारीख तेवढी नवी घातली होती. मी तक्ता परत पाठवला. चाचणी पुन्हा, व्हिडिओवर, माझ्या डोळ्यांसमोर.

दुपारी शेजारीण, त्या मेकॅनिकची बायको, आली. नवऱ्याचा फोन येऊन गेला होता.

"ताई, तुमच्या सहीसाठी अडकून राहिले म्हणते ते. एक सहीच त हाय."

"सही नाही, चाचणी राहिली आहे."

"मले का समजते चाचणी? पोरीचा बाप नाई दिसला त पाव्हणे का म्हणतीन?"

तिला काय सांगणार? जुना तक्ता नवा म्हणून पाठवणं ही चौकशीची बाब, ती बाहेर बोलता येत नाही. तो अंगठा कोणाचा, हे मला माहीत नव्हतं; अंदाज मात्र होता.

ती गेल्यावर सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "मले एका डोळ्यानं तिचं रडनं दिसून राह्यलं. तुले त दोन हायेत."

"मान वर करा," म्हणून मी थेंब घातले.

संध्याकाळपर्यंत कंपनीचे चार फोन आले, साहेबांचा एक. साहेब आदेश देत नव्हते, नुसतं "लवकर बघा" म्हणत होते. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर खाली मांडवाचे बांबू उभे राहत होते. बांधणाऱ्यांनी हात थांबवून वर पाहिलं. मी कपडे आत, खुर्चीवर पसरले.

शनिवारी दुपारी चारला व्हिडिओवर चाचणी झाली. झडपेने दाब धरला. मी तिथेच सही केली. पण त्या दिवसाचं शेवटचं हेलिकॉप्टर दोनलाच गेलं होतं, आणि किनाऱ्यावरून गोंदियाला यायला एक अख्खी रात्र लागते.

शेजारणीला मी स्वतः जाऊन सांगितलं.

"पास झाली ना?"

"झाली."

"मंग कालबी पासच असन ते. कायले रोकलं?"

"असेलही," मी म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायची मुभा नव्हती.

रविवारी साक्षगंधाला मी मागच्या रांगेत बसले होते. शेजारीण सगळ्यांमधून वाट काढत आली आणि व्हिडिओ कॉल चालू असलेला फोन माझ्या हातात ठेवला. "धरा. त्याइले पाहू द्या." नाही म्हणायला तोंड नव्हतं. पाटासमोर हात उंच करून उभी राहिले. पडद्यावर नारिंगी डांगरीतला तो, मागे समुद्र. अंगठी घालायची वेळ आली. सगळे माझ्याकडे बघत होते, तो माझ्याकडे बघत नव्हता.

"मॅडम, जरा डावीकडे," एवढंच तो बोलला. "पोरगी दिसून नाई राहिली."

मी डावीकडे सरकले.