कोऱ्या पाण्यातलं शिसं

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या नाशिकच्या कॉलेजात अंटार्क्टिकाचं पाणी आलं. तिकडच्या मोहिमेवर जाऊन आलेल्या एका मित्रानं आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना वितळलेल्या बर्फाच्या पाच बाटल्या दिल्या होत्या. त्यात शिसं किती, हे मला प्रकल्पासाठी बघायचं होतं.

"तिथं शिसं कुठून येणार, सर?"

"वाऱ्यावरच्या धुळीतून, समुद्राच्या तुषारांतून, ज्वालामुखीच्या धुरातून. हे निसर्गाचं. पेट्रोलच्या धुरातून, धातूंच्या भट्ट्यांतून येतं ते आपलं. पण सगळं मिळून इतकं कमी, की तुझ्या बोटावरची धूळसुद्धा जास्त भरेल."

म्हणून बाटल्या धुणं हेच मोठं काम. ते प्रयोगशाळेतल्या मावशी करायच्या. आम्लात भिजवलेल्या बाटल्या त्या शुद्ध पाण्यानं सात-सात वेळा खळबळायच्या. मग मी तीन बाटल्यांतलं बर्फाचं पाणी त्यांत ओतलं. एका बाटलीत तुलनेसाठी नुसतं शुद्ध पाणी भरलं. त्याला आम्ही कोरं पाणी म्हणायचो. मोजणी मुंबईला झाली.

अहवाल आला. कोऱ्या पाण्यात बर्फापेक्षा जास्त शिसं!

"मावशींनी नीट धुतल्या नसतील," मी पटकन म्हणाले.

मावशी बेसिनपाशीच होत्या. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सरांनी त्यांच्याकडून बाटल्यांचं काम काढून घेतलं.

आठवड्याभरानं मी वहीत तारखा जुळवत बसले होते. बाटल्या भरल्या तो दिवस हनुमान जयंतीचा निघाला. सकाळी वडिलांनी मारुतीच्या देवळातून आणलेला शेंदूर माझ्या कपाळाला लावला होता. दुपारी उकाड्यात मी हातमोज्यानंच घाम पुसत होते, आणि कोऱ्या पाण्याची बाटली सगळ्यांत शेवटी भरली होती. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हे मला बी. एस्सी.पासून पाठ होतं.

मावशी बौद्ध घरातल्या. कपाळ कायम मोकळं, कामावर हातात बांगडीसुद्धा नसायची.

मी आधी त्यांच्याकडेच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या कपाळावर त्या दिवशी लाल होतं, मी बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "पण मी बोलले असते तर कोणी ऐकलं असतं का गं?"

मला रडूच आलं.

"रडू नको. सरांना सांग. चल, मी येते सोबत."

सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग ते उठून उभे राहिले. "मावशी, मी तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. माझं चुकलं."

बर्फाच्या दोन बाटल्या उरल्या होत्या. या वेळी सगळं मावशींच्या हुकमानं झालं. मला तोंड धुवायला लावलं, केस बांधायला लावले. कोरं पाणी खरंच कोरं निघालं. बर्फात शिसं होतं, अगदी नावापुरतं. त्यातलं ज्वालामुखीचं किती आणि मोटारींचं किती, हे दोन बाटल्यांवरून सांगता येत नव्हतं. मी तसंच लिहिलं.

आभाराच्या पानासाठी मी मावशींना त्यांचं पूर्ण नाव विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी ते सावकाश सांगितलं आणि मी लिहिताना वाकून पाहिलं.

"आडनाव गाळू नको हां," म्हणाल्या.