डॉक्टरांसाठी जादा गोळी

आमच्या दादाचा हात कामात असला की शहाण्यासारखा वागतो. वस्तरा धरून गालावर टेकवला, की थरथर बंद. गिऱ्हाईक उठून गेलं आणि हात मांडीवर पडला, की अंगठा आणि बोटं तंबाखू मळत असल्यासारखी चालू. पण लोकांना दिसतो तो रिकामा हातच. दुकानाच्या काचेतून बघतात आणि पुढच्या दुकानात जातात. एकाने तर तोंडावर विचारलं, "सकाळी सकाळीच घेतली का?" दारूचा कधी वासही न घेतलेला माझा भाऊ त्यावर नुसता हसला. घरी मला सांगताना मात्र त्याचे कान लाल झाले होते.

पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामीन नावाचं रसायन कमी पडतं आणि गोळीने ते भरून काढायचं असतं, हे आम्हाला डॉक्टरांनी समजावलं होतं. दादाला पटलंही होतं. पण लाजेपुढे पटलेलं काय टिकतं? दर वेळी तपासणीला जायच्या आधी हा शहाणा एक गोळी जास्त घ्यायचा. का, तर डॉक्टरांसमोर हात हलू नये! पाहुणे येणार म्हणून पसारा पलंगाखाली ढकलावा, तसं. डॉक्टर म्हणायच्या, "छान चाललंय, हाच डोस ठेवू." आणि एरवी दुपार व्हायच्या आत गोळीचा असर उतरला, की हा दुकानात हात मांडीखाली दाबून बसायचा. मी ओरडले की म्हणायचा, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

या खेपेला मात्र भलतंच झालं. जादा गोळीने हात गप्प बसला, पण मान आणि खांदा आपोआप डुलायला लागले. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या.

"औषध जास्त होतंय. डोस निम्मा करते," म्हणत त्यांनी पेन उचललं.

निम्म्या औषधावर दादाचं दुकान चाललंच नसतं. असा राग आला की तिथेच त्याला गदागदा हलवावं. पण तो फरशीकडे बघत कानकोंडा होऊन बसला होता.

"डॉक्टर," शेवटी तोच म्हणाला, "आज दोन घेतल्यात. इथे येताना दर वेळी घेतो."

"का?"

"लाज वाटते हो, तुमच्यासमोर."

डॉक्टर रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "उद्या सकाळची गोळी न घेता या. हात आहे तसा बघितल्याशिवाय मी औषध कसं ठरवू?"

दुसऱ्या दिवशी दादाने हात टेबलावर ठेवला. शेजारचा पेनांचा पेला खुळखुळायला लागला. मन दुसरीकडे गुंतावं म्हणून डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, तशी थरथर आणखीच वाढली. दाराशी बसलेले पेशंट वळून बघायला लागले. दादाची मान छातीला टेकली होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला बघवेना. तो हात धरून थांबवायला मी माझा हात पुढे केला.

"राहू दे," दादा म्हणाला. "बघू दे त्यांना."