उमेदवाराची कवळी

ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझा सख्खा धाकटा भाऊ. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. आणि आधीच सांगून ठेवतो, या शहरात त्याच्यासारखी कवळी करणारा दुसरा माणूस नाही. असेल तर दाखवा. मी सातवीपर्यंत शिकलोय, गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, लिहिणं हा काही माझा धंदा नाही. पण याच्याबद्दल मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार? तो स्वतः तर दोन वाक्यं सलग बोलत नाही.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागं त्याची खोली आहे. दीड माणूस मावेल एवढी. खिडकीला जाळी, खिडकीखाली बाकडं, त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. संध्याकाळी बाहेर पडतो तेव्हा याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असतात. मी म्हणतो, "या आजोबा." फळीवर पुठ्ठ्याचे डबे, एकेका डब्यात एकेका माणसाच्या जबड्याचा साचा. नुसता साचा हातात घेऊन सांगतो, हा माणूस झोपेत दात खातो, ही बाई एकाच बाजूनं चावते. एकदा गंमत म्हणून माझा साचा काढला. म्हणाला, "दादा, तुझे पुढचे दात पुढं आलेत. जिभेचा मार फार." बाईंना हसू आवरेना.

कवळी आधी मेणावर होते. मेणात दात रोवायचे, माणसाच्या तोंडात बसवायचे, त्याला बोलायला लावायचं. दात जरा इकडंतिकडं असला की 'स' म्हणताना शिट्टी वाजते. मग सुरी दिव्यावर तापवायची, मेण सैल करायचं, दात केसभर हलवायचा. एकदा कवळी शिजवून पक्की केली की मग नुसतं घासणंच हातात राहतं. तोंडात हात घालतात त्या डॉक्टरीणबाई. पण बोलणं तपासायची वेळ आली की त्या मागं वळून हाक मारतात, "अरे, कान घेऊन ये तुझे!" मग हा येतो, भिंतीला टेकतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "साठ ते सत्तर मोजा." साठ, एकसष्ट, बासष्ट. त्यातच सगळं कळतं म्हणे.

आता त्याचं घर सांगतो. मी या परक्या देशात एकोणीस वर्षं आहे, मला मत आहे. तो नंतर आला. त्याचा इथं राहण्याचा कागद दरवर्षी नवा करावा लागतो, आणि त्या कागदावर माणूस एकटाच राहू शकतो, बायकोमुलं आणता येत नाहीत. आला तेव्हा पोरगी दीड वर्षाची होती. आता नऊची आहे. रोज संध्याकाळी फोनवर ती तोंड उघडून दाखवते आणि हा सांगतो, "डावीकडचा हलतोय ना? तो पडू दे, ओढू नकोस." लोकांचे दात बसवणारा माणूस, पोरीचा एकही दात त्यानं हातात धरलेला नाही.

आणि मग आला उमेदवार.

निवडणुकीला चार महिने होते. वरचे सगळे दात काढलेले, हिरड्या भरून आलेल्या, आणि भाषणं तोंडावर. शहरात इतके मोठमोठे दवाखाने, पण आला आमच्याकडं! कुणीतरी माझ्या भावाचं काम सांगितलं असणार. साचा आधीच काढून झाला होता; मेण तपासायच्या दिवशी माझी सुट्टी होती, मी प्लास्टरची पोती आत टाकून देत होतो. बाईंनी मेणावरची कवळी बसवली. भाऊ म्हणाला, "साठ ते सत्तर मोजा, साहेब."

तो त्रेसष्टपर्यंत गेला आणि कंटाळला. "आकडे कसले मोजायला लावतोस? मला माझं भाषणच वाचू दे ना." खिशातून त्यानं हातानं लिहिलेला कागद काढला आणि वाचलं, "सात वर्षं सचोटीनं कष्ट करणाऱ्या बाहेरच्या माणसाला कायमचा कागद मिळेल, आणि त्याची बायकोमुलं त्याच्यासोबत राहतील."

'सात'ला शिट्टी. 'सचोटी'ला शिट्टी. भावानं सुरी तापवली, एक दात हलवला. पुन्हा वाचलं. पुन्हा हलवला. पाच वेळा ते वाक्य त्या खोलीत वाचलं गेलं. पाचव्यांदा एकदम स्वच्छ आलं. माझा भाऊ भिंतीला टेकून डोळे मिटून उभा, आणि डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. मी पाहिलं.

उमेदवारालाही दिसलं असावं. म्हणाला, "काय रे, तुझी किती वर्षं झाली?"

"साडेसात."

"मग झालंच की तुझं."

भावानं तो भाषणाचा कागद मागितला. त्याचा नियमच आहे तो. पहिल्या वेळी माणूस जे वाचतो तेच पुढंही वाचायला लावायचं, नाहीतर फरक कळत नाही. कागद साच्याबरोबर डब्यात गेला. बाई पुन्हा मेण दाबून बघत होत्या, उमेदवाराचं तोंड उघडं. एवढा मोठा माणूस गप्प बसून ऐकतोय, अशी संधी कुठं मिळणार? मी सुरू झालो. म्हटलं, "साहेब, मी याचा सख्खा भाऊ, एकोणीस वर्षं इथं राबतोय. आमच्यासारख्यांचं करा. आम्ही रांगेत उभे राहून आलो, एकेका शिक्क्याला सहा सहा महिने. आता येतात ते झुंडीनं येतात, रांग म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांना." तो मान हलवत होता. भाऊ म्हणाला, "दादा, पोतं तिकडं ठेव." मी म्हटलं, "ठेवतो रे, बोलू दे की."

त्यानंतर मी काय काय केलं, विचारू नका. गोदामात टीव्हीवर उमेदवार हसला की मी ओरडायचो, "ते हसू आमच्या घरचं आहे!" गोदामातल्या मत असलेल्या चौदा जणांकडून शब्द घेतला. आणि भावजयीला फोन केला. तिच्या घराचा करार संपत आला होता, घरमालक म्हणत होता तीन वर्षांचा नवा करा नाहीतर खाली करा. मी म्हटलं, "अगं, तीन वर्षं कोण थांबणार आहे? खाली कर. दोन महिने आईकडं काढ. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, पाच वेळा."

ती म्हणाली, "भाऊजी, हे काय म्हणतात?"

"तो काय म्हणणार? तो बोलतो कधी? मी सांगतोय ना!"

भाऊ शेजारीच बसला होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "दादा, ते मेणावरचं होतं."

"कवळी पक्की करून दिलीस की!"

"कवळी दिली," तो म्हणाला, आणि नखातलं प्लास्टर काढत बसला.

मग पेपरात यायला लागलं, उमेदवार या विषयावर सावध बोलतोय म्हणून. मी म्हटलं, पेपरवाल्यांना काय, पानं भरायची असतात.

मतदानाच्या चार दिवस आधी मोठ्या सभागृहात सभा होती. चौदाच्या चौदा जणांना घेऊन गेलो. भावालाही ओढून नेलं, तिसऱ्या रांगेत बसवलं, म्हणजे दात नीट दिसतील. आणि काय सांगू, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द खणखणीत जात होता. रस्ते झाले, पाणी झालं, आणि मग तो विषय निघाला. मी भावाला कोपर मारलं.

उमेदवार म्हणाला, "आहेत ते राहू देत, मी कुणाला हाकलणारा माणूस नाही. पण यापुढं एकही नाही. कामगार नाही, आणि कामगारांची बायकोमुलंही नाहीत. आणि हे मी एकटा म्हणत नाही! माझी कवळी ज्यानं केली, त्याचा सख्खा भाऊ, स्वतः बाहेरून आलेला, एकोणीस वर्षं इथं राबलेला माणूस मला म्हणाला, साहेब, आम्ही रांगेत उभे राहून आलो, आता झुंडी येतात. साहेब, दार लावा!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

'दार लावा' मी म्हटलं नव्हतं. बाकीचं म्हटलं होतं.

चौदा जणांनी माझ्याकडं पाहिलं. एकजण म्हणाला, "वा, दादा. आमच्या मतांची चांगली सोय केलीत." दुसरा, ज्याची म्हातारी आई अजून तिकडंच आहे, तो उठून गेला. मला ओरडून सांगायचं होतं की हे खोटं आहे, पण त्यातलं खोटं नेमकं कुठं सुरू होतं ते मला दाखवता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा असा तोंडघशी पडलो, आणि पडलो तो भावाच्या अंगावर.

घरी येईपर्यंत तो चालत होता, मी दोन पावलं मागं. जिन्यात एवढंच म्हणाला, "शिट्टी नाही वाजली."

मी म्हटलं, "मला शिव्या दे."

"भूक लागलीय," तो म्हणाला, आणि जिना चढून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर खाडा केला आणि त्याच्या मागोमाग दवाखान्यात गेलो. दार उघडून खुर्च्या पुसतोय, तर गाडी येऊन थांबली. उमेदवार! दोन तास बोलून हिरडी सोलवटली होती.

"काल ऐकलंस ना?" तो भावाला म्हणाला. "लोक भाषण ऐकत होते की दात बघत होते, देव जाणे!" मग माझ्याकडं वळला. "आणि तुम्ही तर काल स्टेजवरच होता म्हणा ना."

मी हातातल्या फडक्याकडं बघत राहिलो. भावाच्या जागी मी असतो तर एक टोक ठेवून दिलं असतं कवळीला, बोलेल तेव्हा टोचू दे म्हटलं असतं. भावानं कवळी घेतली, लाल झालेली जागा बघितली, मशीनवर धरली, बोट फिरवून बघितलं, पुन्हा धरली. बाईंनी ती बसवली.

"बोलून बघा," भाऊ म्हणाला.

"साठ, एकसष्ट..."

"आकडे नाहीत, साहेब. पहिल्या वेळचंच लागतं." त्यानं फळीवरून डबा काढला, साच्याखालून कागद काढला, झटकून समोर धरला.

उमेदवारानं स्वतःचं अक्षर ओळखलं. जरा हसला. वाचलं, "सात वर्षं सचोटीनं कष्ट करणाऱ्या बाहेरच्या माणसाला कायमचा कागद मिळेल, आणि..." तिथं थांबला. "झालं. टोचत नाही आता."

"वाक्य अर्धं राहिलं, साहेब."

"अरे, बसलीय व्यवस्थित."

डॉक्टरीणबाई आरसा हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "वाचून टाका ना. तपासायचंय त्याला."

उमेदवारानं कागद खाली ठेवला. आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, जाहीर बोलायचं वेगळं असतं. तू तुझी फाइल माझ्या माणसाकडं दे. तुझ्या बायकोमुलीचं मी बघतो."

"माझ्याच?"

"तुझ्याच. बोलू नकोस कुठं."

मी भावाकडं पाहिलं. खरं सांगतो, माझ्या मनात आलं, घे. हो म्हण. तो कागद उचलून त्याची घडी करत होता.

"राहू द्या," तो म्हणाला. "पुढच्या वेळी आलात की पूर्ण वाचा." कागद साच्याखाली ठेवला, झाकण लावलं, डबा फळीवर त्याच जागी सरकवला. गाडी गेली. बाई आत हात धुवायला गेल्या.

भावानं खिशातून फोन काढला, बायकोचा नंबर लावला आणि तसाच धरून उभा राहिला. पलीकडं घंटा वाजत होती.

मी म्हटलं, "दे इकडं. मी सांगितलं होतं, मीच सांगतो."

तिनं उचलला. मी म्हटलं, "अगं, माझं चुकलं. घर सोडू नकोस. आत्ताच्या आत्ता जा आणि त्या मालकाला सांग, तीन वर्षांचा करार कर म्हणून."

ती म्हणाली, "भाऊजी, किल्ली कालच देऊन आले."